आता काहीच बिघडत नाही

चांगलं काम केलं की लोक आठवण ठेवतात, असं म्हणायची पद्धत आहे. यवतमाळच्या अवधूत मोहरील यांना एकदा विचारून पाहा. त्यांनी ओळखीपाळखीच्या घरांतले कॉम्प्युटर असे काही धडधाकट करून ठेवले की त्यांना कोणी बोलवेनासं झालं.

अवधूतराव पाटबंधारे खात्यातून बाबू म्हणून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. का केलं नाही यावर ऑफिसात बरीच वर्षं चर्चा चालली, मग लोक कंटाळले आणि दुसऱ्या कोणाच्या तरी मागे लागले. थोरल्या भावाच्या संसारात त्यांची एक खोली होती, एक ताट होतं आणि पुतण्यांचा अभ्यास घेण्याचं काम होतं. पुतणे शिकून पुण्याला गेले, त्यांच्यामागे भाऊ-वहिनीही गेले. दारव्हा रोडवरच्या त्या घरात मग अवधूतराव, त्यांचा कॉम्प्युटर आणि दोन वेळचा डबा एवढंच राहिलं.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना एका कॉलेजात लिनक्सचं शिबिर झालं. अवधूतराव गेले ते रविवार कसा काढायचा म्हणून, आणि परत आले ते दीक्षा घेतल्यासारखे. कॉम्प्युटर चालवणारी अख्खी सिस्टीम जगभरच्या लोकांनी मिळून लिहिली आहे, ती कोणीही घ्यावी, कोणालाही द्यावी, आत काय लिहिलंय ते उघडून वाचावं, हवं तर बदलावं, आणि हे सगळं कायद्यानं चोख. ज्या माणसानं उभी नोकरी 'वरून आदेश नाहीत' हे वाक्य ऐकण्यात आणि ऐकवण्यात घालवली, त्याला कोणाच्या आदेशावाचून एवढं मोठं काम उभं राहतं याचं अप्रूप वाटणारच. त्या दिवसापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक पेन ड्राइव्ह आला.

त्या काळी घरोघरच्या कॉम्प्युटरवर जी सिस्टीम असायची ती विकतची होती. म्हणजे विकत घ्यायची होती; घेतलेली कोणीच नव्हती. दुकानदार कॉम्प्युटरबरोबर चोरीची कॉपी टाकून द्यायचा, आणि मग कुठून कुठून व्हायरस येऊन ती अधूनमधून मान टाकायची. मान टाकली की फोन यायचा, “मोहरीलकाका, जरा येऊन जाता का?” काका पायात चपला सरकवून निघालेलेच असायचे.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कॉम्प्युटर पुसून सगळं नव्यानं भरायचं म्हणजे पडद्यावर एक पट्टी सरकत असते आणि टक्के वाढत असतात. त्या वेळात कोणालाच काही करता येत नाही. घरच्या माणसाला उठून जाणं बरं दिसत नाही, आणि अवधूतरावांना तर जायचंच नसायचं. मग माणसं बोलतात. सुरुवातीच्या टक्क्यांना ऊन किती तापलंय ते, पट्टी अर्ध्यावर आली की मुलाच्या नोकरीचं, आणि पाऊण झाली की सासूचं. कितीतरी घरांची आतली हकिकत अवधूतरावांना अशी टक्क्याटक्क्यानं कळली होती. ते सल्ला कधी देत नसत. 'हो ना' आणि 'कठीण आहे' एवढ्या भांडवलावर ते तासभर सहज बसू शकत. उठताना कोणी चिवड्याची पुडी हातात ठेवी, कोणी जेवूनच जा म्हणे. घरी कोणी नाही ही गोष्ट त्या दिवसांत त्यांच्या फारशी लक्षातही येत नव्हती.

पण माणूस तत्त्वाचा. चोरीची कॉपी पुन्हा पुन्हा भरून द्यायची हे त्यांच्या मनाला लागत होतं. मग त्यांनी एकेक घर धरून लिनक्सची शिफारस सुरू केली. आर्णी रोडवर शिकवणी घेणारी मिताली पहिली. तिच्याकडे मुलांच्या प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा उडाल्या होत्या.

“फुकट आहे म्हणता काका, मग यात गोम काय आहे?” मितालीनं विचारलं.

“गोम काही नाही. भंडाऱ्यात जेवतेस ना? कोणी तांदूळ दिला, कोणी कढई दिली, कोणी वाढून राहिला. पंगतीत बसताना तुला कोणी पावती मागते का?”

“भंडाऱ्यातलं वरण कधी कधी पातळ असते, काका.”

“हे घट्ट आहे. टाकून तर पाहा. नाही पटलं तर जुनं परत टाकून देतो, ते माझ्याकडे लागलं.”

मितालीला पटलं. तिच्या शेजारच्या फोटो स्टुडिओला पटलं. वकील साकेत देव यांच्या ऑफिसात मराठी टाइप वेडंवाकडं दिसायचं, त्यासाठी अवधूतरावांनी लागोपाठ रविवार घालवले आणि ते सरळ करूनच उठले. कोणी कुरकुरलं की हे चिन्ह इकडचं तिकडे का गेलं, तर ते शेजारी बसून चिन्ह होतं तिथे आणून ठेवत. समजावण्याची त्यांची हातोटी अशी की समोरच्याला आपण अडाणी आहोत असं कधी वाटू नये. अशी घरामागून घरं त्यांनी वळवली, आणि ज्या घरात लिनक्स गेलं त्या घरातून पुढे फोन आला नाही.

सुरुवातीला त्यांना हे यश वाटलं. यश होतंच ते. कॉम्प्युटर बिघडत नव्हते, व्हायरस येत नव्हते, दहा वर्षांपूर्वीची मशीनं तुरुतुरु चालत होती. फोन शांत आहे म्हणजे सगळीकडे सुरळीत आहे, असं मनाशी म्हणत अवधूतराव डब्यातली पोळी खायचे. पण शांत फोनकडे किती दिवस कौतुकानं बघणार?

एकदा भाजीबाजारात मिताली भेटली. दोन्ही हातांत पिशव्या, तरी थांबली.

“काका, तुमचं ते एकदम फर्स्टक्लास चालून राहिलं! एकदासुद्धा बंद पडलं नाही. तुमची तर आठवणच येत नाही!”

बिचारीला याहून मोठी शाबासकी सुचली नसती. अवधूतराव हसले, 'छान, छान' म्हणाले आणि ती गेल्यावर मेथीच्या ढिगापुढे उभे राहिले. डबा लावलेल्या माणसाला मेथी कशाला लागते? पण रिकाम्या हातानं घरी जाववेना म्हणून त्यांनी जुडी घेतली. ती दोन दिवस ओट्यावर सुकली आणि मग गायीला गेली.

कोणी म्हणेल, मग सहज जायचं मितालीकडे, बसायचं घटकाभर. सांगणं सोपं आहे. आपल्याकडे दारात माणूस दिसला की पहिला प्रश्न येतो, 'या, काय काम काढलं?' त्यात वाईट काही नसतं, बोलायची रीत आहे ती. पण अवधूतरावांनी जन्मभर खिडकीच्या आत बसून हाच प्रश्न लोकांना विचारला होता, आणि ज्याच्याजवळ काम नाही तो माणूस उगाच आलेला असतो हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. एकदा ते वकिलांच्या ऑफिसपर्यंत जाऊन आले. आत दिवा होता, टाइप केल्याचा आवाज येत होता, सगळं नीट चाललेलं दिसत होतं. ते बाहेरूनच परतले.

राहता राहिलं एकच घर, दारव्ह्याच्या किसनराव गावंडे यांचं.

किसनराव म्हणजे कपाशी-तुरीची शेती असलेला खाऊनपिऊन सुखी माणूस. पाटाच्या पाण्याचा अर्ज घेऊन ऑफिसात यायचे, आणि अर्ज देऊन झाला तरी उठायचे नाहीत. तिथली ओळख. पुढे गुडघ्यांनी दगा दिला तसं त्यांनी वावर मक्त्यानं दिलं आणि दारव्ह्याच्या घरात बायकोबरोबर, विमलताईंबरोबर, बसून राहिले. मुलगा अमर हैदराबादेत नोकरीला. जाताना तो आपला जुना कॉम्प्युटर बापाला देऊन गेला. किसनराव त्यावर एकच गोष्ट करत. नकाशा उघडायचा आणि वरून काढलेल्या फोटोत आपलं वावर शोधून ते बघत बसायचं. फोटो कधीचा होता कोण जाणे. वादळात पडलेला धुऱ्यावरचा, बांधावरचा, निंब त्यात अजून उभा होता.

हा कॉम्प्युटर मात्र हमखास बिघडायचा. चोरीचीच कॉपी, तीही जुनाट. 'बाबू, येजा जी, पुन्हा झोपला हा,' असा किसनरावांचा फोन आला की अवधूतराव एसटीनं दारव्ह्याला जायचे. मशीन पुसायचं, भरायचं. पट्टी सरकत असताना किसनराव पिकापाण्याचं, अमरचं, जुन्या लोकांचं बोलत राहायचे. थंडीत गेलं तर विमलताई तुरीच्या सोल्यांची, ओल्या दाण्यांची, भाजी करायच्या. परतीच्या गाडीत अवधूतरावांना शेजारी कोण बसलंय याची फिकीर नसायची.

आता गंमत बघा. ज्या माणसानं अर्ध्या यवतमाळला लिनक्स घ्या, लिनक्स घ्या म्हणून पिडलं, त्यानं किसनरावांकडे ते नाव काढलं नव्हतं. एकदा कोणाकडून तरी ऐकून किसनरावांनी स्वतःच विचारलं होतं, “ते तुमचं भंडाऱ्यावालं काय ते, आपल्याले जमन काय?” त्यावर अवधूतराव चटकन म्हणाले, “तुम्हाला या जुन्याची सवय आहे. राहू द्या.” हे वाक्य आपल्या तोंडून कसं गेलं ते त्यांना एसटीत बसल्यावरही कळलं नाही. म्हणजे कळलं होतं. हे एक घर बिघडतं राहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मग जुन्या सिस्टीमला यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत, ती वापरणं धोक्याचं आहे, असं सगळीकडे छापून आलं. अवधूतरावांनी ते वाचलं, घडी घातली आणि पेपर बाजूला ठेवला. दिवाळी होऊन कापूस घरात येऊ लागला होता तेव्हा विमलताईंचा फोन आला. विमलताई स्वतः कधी फोन करत नसत.

“भाऊजी, लवकर या. त्या डब्ब्यातून भोंगा वाजून राह्यला न लाल अक्षरं आली. हे तं थरथर कापून राह्यले.”

अवधूतराव पोचले तोवर भोंगा थांबला होता, कारण विमलताईंनी बटणच बंद केलं होतं. झालं होतं ते असं. वावराचा नकाशा बघता बघता पडदाभर लाल सूचना आली, की तुमचा कॉम्प्युटर अडकवला आहे, या नंबरवर फोन करा. किसनरावांनी केला. पलीकडचा गोड बोलणारा माणूस मोबाइलवर आलेला आकडा विचारू लागला. किसनराव आकडा सांगणार तेवढ्यात विमलताईंनी त्यांच्या हातातला फोन ओढून घेतला. थोडक्यात निभावलं होतं. पण किसनराव पलंगावर बसले होते आणि त्यांचा चेहरा पार उतरून गेला होता. चोर ओळखू आला नाही याची त्यांना लाज वाटत होती.

“भाऊजी,” विमलताई म्हणाल्या, “तिकडं यवतमाळात सगळ्याईले ते तुमचं नवीन टाकून देल्लं म्हनते. आम्हालेच काहून नाई टाकलं?”

त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. अवधूतरावांना जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. आपल्याला चहा मिळावा, गप्पा मिळाव्या म्हणून आपण या म्हाताऱ्या जोडप्याच्या घराची कडी उघडी ठेवली, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि ते कामाला लागले.

अमरचे आणि घरचे फोटो त्यांनी आधी बाजूला काढले. मग जुनं पुसलं आणि नवीन भरायला लावलं. काम त्यांनी अगदी मनापासून केलं. अक्षरं मोठी केली, नकाशाचं चिन्ह पडद्याच्या मधोमध आणून ठेवलं, असल्या लाल सूचना येणार नाहीत याची तजवीज केली. पट्टी सरकत होती तशी ते तिच्याकडे बघत होते. लिनक्सची ही पट्टी किती झरझर सरकते याची आजवर त्यांनी फुशारकी मारली होती. विमलताईंचा चहा उकळून गाळून होईपर्यंत सगळं उरकलं.

“झालं?” किसनराव म्हणाले. “इतक्यात?”

“झालं. आता बिघडायचं नाही.”

“मुळीच नाई?”

“मुळीच नाही.”

किसनरावांचा चेहरा पडला. अवधूतरावांना वाटलं, त्यांचा अजून भरवसा बसत नाही. त्यांनी मशीन बंद करून पुन्हा सुरू करून दाखवलं, दोनदा दाखवलं. मशीन दोन्ही वेळा झटकन उठलं. किसनराव 'हाव, हाव' म्हणाले. बस स्टँडकडे चालताना अवधूतरावांना रडू येत होतं. साठी ओलांडलेल्या माणसानं भर रस्त्यात रडू नये, म्हणून ते रसवंतीच्या बंद खोक्याआड थोडा वेळ थांबले.

त्यानंतर दारव्ह्याहून फोन नाही. अवधूतराव सकाळी अंघोळीला जाताना मोबाइल मोरीच्या दाराशी ठेवायचे. बिघडू नये असं काम केलं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरी कुठेतरी चुकलं असेल तर बरं, असं वाटायचं. असं वाटल्यावर स्वतःचाच राग यायचा. शेवटी त्यांनीच फोन लावला.

“चालू आहे ना?”

“चालू हाय जी. एकदम.”

“काही अडचण?”

“काई नाई.”

“बरं मग,” अवधूतराव म्हणाले. “बरं,” किसनराव म्हणाले. फोनवर नुसतं बोलायची सवय दोघांनाही नव्हती.

संक्रांत झाली. कोणी तिळगूळ द्यायला आलं नाही, आणि अवधूतरावही कुठे गेले नाहीत. त्या आठवड्यात एक दिवस सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दारव्ह्याची एसटी धरली. कोणी बोलावलं नव्हतं. वाटेत दोन्हीकडे वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. अवधूतराव खिडकीशी बसून उत्तराची तयारी करत होते. बँकेत काम निघालं होतं, म्हटलं जाता जाता डोकावावं. हे वाक्य त्यांनी मनात इतक्यांदा घोळवलं की ते त्यांना स्वतःलाच खरं वाटू लागलं.

किसनराव ओसरीत ऊन खात बसले होते. फाटक वाजलं तसे काठी टेकत उठले.

“या, या मोहरीलबाबू! काय काम काढलं जी?”

“बँकेत काम होतं. म्हटलं जाता जाता...”

“बँकेत?” किसनराव म्हणाले. “आज तं ऐतवार हाय.”

रविवार आहे हे अवधूतरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. फाटकाच्या कडीवर हात ठेवून ते तिथेच उभे राहिले. आता हसतील, आतून विमलताईंना बोलावून सांगतील, असं त्यांना वाटलं. किसनराव हसले नाहीत. त्यांनी एकदा अवधूतरावांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, आणि बाजूला सरून वाट दिली.

आत दोघं कॉम्प्युटरपुढे बसले, कारण आजवर ते तिथेच बसत आले होते. किसनरावांनी बटण दाबलं. मशीन लगेच सुरू झालं. नकाशा उघडला, वावर दिसलं, धुऱ्यावरचा निंब दिसला. अवधूतरावांनी मुद्दाम इकडे तिकडे उघडून बघितलं, पण दुरुस्त करावं असं काही सापडेना. मध्ये सरकणारी पट्टी नव्हती, आणि ती नसताना बोलणं कुठून सुरू करायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं.

विमलताई पाणी घेऊन आल्या. “बरं झालं आले भाऊजी. हे रोज सकाळी उठून त्या डब्ब्याले चालू करून पाह्यतेत, बंद पडला का म्हून. नाई पडला का दिवसभर तोंड पाडून बसतेत.”

“तू जाय वं, चाय ठेव,” किसनराव घाईनं म्हणाले. त्या गेल्या. किसनरावांनी माउस उगाच एकदा पुढे नेला, एकदा मागे आणला. अवधूतरावांकडे न बघता ते म्हणाले, “बाबू, हे सारं पुसून पुन्हा टाकता येते काय?”

“चांगलं चालू आहे की. कायले पुसायचं?”

“असंच. एकडाव पुन्हा टाकून पाहू म्हनलं. बराबर बसलं का नाई ते समजन.”

चालू मशीन अवधूतरावांनी आयुष्यात कधी पुसलं नव्हतं. जे पुसायचे त्यांना त्यांनी मनातल्या मनात मूर्ख म्हटलं होतं. त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

“येते ना,” ते म्हणाले. “पण आधी सगळे फोटो काढून ठेवावे लागतील. एकेक पाहून. मग हळूहळू टाकायचं, घाई करून चालत नाही त्यात. संध्याकाळ होऊन जाईल.”

“होऊ द्या न,” किसनराव म्हणाले, आणि त्यांनी आपली खुर्ची जवळ ओढली.